ययातीचा खजिना, गॅट्सबीचा हिशेब

भाऊबीजेला बहिणीकडे जेवायचे, सुपारी कातरत तासभर गप्पा मारायच्या आणि मग ओसरीवर अंग टाकायचे, हा माझा अनेक वर्षांचा नेम. एका भाऊबीजेला तो मोडला. पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा त्या दिवशी घरी होता. त्याने नुकतीच एक अमेरिकन कादंबरी वाचली होती, आणि तरुण माणसाला पुस्तक आवडले की तो जसा समोरच्याला वेठीस धरतो, तसे त्याने मला धरले होते.

"मामा, असलं पुस्तक मराठीत का नाही हो?"

कादंबरी होती स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’. संपत्ती आणि संपत्तीची तहान या विषयावर इंग्रजीत जी थोडी खरोखर मोठी पुस्तके आहेत, त्यांतले हे एक. मी उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात घालवला. तेव्हा मला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. मी म्हणालो, "आहे की. खांडेकरांची ‘ययाति’."

भाच्याने ती कॉलेजात असताना वाचली होती. तो जरा थांबला आणि म्हणाला, "पण मामा, ययातीकडं पैसा आला कुठनं?"

"अरे, तो राजा. राजाला कधी कोणी असं विचारतं का?"

"मी तेच म्हणतोय," तो म्हणाला.

तेवढ्यात बहिणीने चकल्यांचे ताट पुढे केले आणि वाद तिथेच थांबला. पण झोप काही आली नाही. ‘ययाति’ मी आजवर सहा वेळा तरी वाचली असेन. या सहा वाचनांत हा साधा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता, आणि तो ऐकताक्षणी मला जे उत्तर सुचले ते उत्तर नव्हतेच. ती टाळाटाळ होती. पुढे काही महिने मी दोन्ही पुस्तके पुन्हा शेजारी ठेवून वाचली. त्या वाचनाचा हा वृत्तान्त.

ज्यांनी ‘गॅट्सबी’ वाचली नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. १९२२ सालचा उन्हाळा. न्यूयॉर्कजवळच्या समुद्रकाठी जे गॅट्सबी नावाचा एक तरुण धनिक राजवाड्यासारख्या घरात राहतो आणि रात्रीच्या रात्री मेजवान्या देतो. शेकडो माणसे येतात, खातात, पितात, नाचतात. यजमान कोण हे पुष्कळांना ठाऊकही नसते. हा माणूस कोण, त्याचा पैसा कुठला, याविषयी त्याच्याच दारात त्याचीच दारू पिऊन कुजबुज चालते. हळूहळू कळते, की हा उत्तरेकडच्या एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा, मूळचा जेम्स गॅट्झ. लष्करात असताना डेझी नावाच्या श्रीमंत मुलीवर त्याचे मन जडले. तो युद्धावर गेला, आणि तिने दुसऱ्या एका गर्भश्रीमंताशी, टॉम ब्यूकॅननशी, लग्न केले. परत आल्यावर गॅट्सबीने तीन वर्षांत अफाट पैसा मिळवला. तो चोरट्या दारूचा आणि खोट्या रोख्यांचा आहे. हे घर त्याने घेतले तेही एवढ्यासाठी, की खाडीपलीकडे डेझीचे घर आहे आणि तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा येथून दिसतो. त्याला नुसती डेझी नको आहे. मधली पाच वर्षे पुसून टाकलेली डेझी त्याला हवी आहे. शेवटी डेझीच्या हातून मोटारीखाली एक बाई मरते, त्याचा आळ गॅट्सबीवर येतो, आणि त्या बाईचा नवरा त्याला गोळी घालतो. डेझी आणि टॉम सामान बांधून निघून जातात. अंत्ययात्रेला माणसे मोजकीच.

एवढीशी गोष्ट. पण हिच्यातला प्रत्येक धागा लेखकाच्या आयुष्यातून ओढून काढलेला आहे.

फिट्झजेराल्ड १८९६ साली जन्मला. त्याच्या आईच्या माहेरी किराण्याच्या घाऊक व्यापाराचा पैसा होता. वडिलांना मात्र १९०८ साली नोकरीवरून काढून टाकले, तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. श्रीमंतांच्या वस्तीच्या कडेला राहायचे, श्रीमंतांच्या शाळेत जायचे, आणि आपण त्यांतले नव्हे हे रोज नव्याने कळायचे, असे ते बालपण. प्रिन्स्टनला असताना शिकागोकडच्या एका धनाढ्य घराण्यातल्या जिनेव्रा किंग या मुलीवर त्याने प्रेम केले. ते फळले नाही. पदवी न घेताच तो लष्करात गेला. तिथे अलाबामात झेल्डा सेअर भेटली. या लेखकाच्या मिळकतीवर भरवसा न वाटून तिने १९१९ साली लग्न मोडले. मार्च १९२० मध्ये त्याची पहिली कादंबरी निघाली, ती खपू लागली, आणि आठवडाभरात, ३ एप्रिलला, झेल्डाशी त्याचे लग्न झाले. पैसा आला तेव्हा मुलगी आली. हा धडा त्याला तेविसाव्या वर्षी मिळाला आणि तो त्याला कधी विसरता आला नाही. गॅट्सबी म्हणजे काय? पैसा थोडा उशिरा आलेला फिट्झजेराल्डच.

पुढे दोघे न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेक या गावी राहिले. तिथल्या मेजवान्या कादंबरीत उतरल्या. खर्च असा, की १९२४ साली त्याने ‘वर्षाला ३६,००० डॉलर्सवर कसे जगावे’ अशा मथळ्याचा एक विनोदी लेखच लिहिला. त्यातला विनोद असा की तेवढ्यात त्याला जगता येत नव्हते. मग दोघे फ्रान्सला गेले आणि कादंबरी तिथे पुरी झाली. १० एप्रिल १९२५ रोजी ती प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक अठ्ठावीस वर्षांचा होता. पहिली आवृत्ती २०,८७० प्रतींची. नंतर आणखी ३,००० छापल्या, त्यांतल्या काही तो वारला तेव्हाही गुदामात पडून होत्या. झेल्डाचे मन १९३० साली बिघडले ते कायमचे. तो दारूत बुडाला, कर्जात बुडाला, १९३७ साली पोटासाठी हॉलिवूडला जाऊन चित्रपटांच्या संवादांची डागडुजी करू लागला, आणि डिसेंबर १९४० मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेला. त्याच्या हयातीतला मानधनाचा शेवटचा हिशेब १३ डॉलर १३ सेंटचा होता. नंतर दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना फुकट वाटण्यासाठी या कादंबरीच्या दीड लाखावर प्रती छापल्या गेल्या आणि तिथून तिचे नशीब उघडले. तोवर फार उशीर झाला होता.

आता आपल्या खांडेकरांकडे येतो. ते आमच्याच जिल्ह्याचे. ११ जानेवारी १८९८ रोजी सांगलीत जन्मले. म्हणजे फिट्झजेराल्डहून सव्वा वर्षाने लहान. दोघांच्या आयुष्यांतले काही योगायोग विलक्षण आहेत. खांडेकरही कॉलेजात गेले, पुण्याला फर्ग्युसनमध्ये, आणि त्यांचेही शिक्षण अपुरे राहिले. तेही पुढे चित्रपटात गेले. १९३६ साली मास्टर विनायकांचा ‘छाया’ त्यांच्या कथेवर निघाला, म्हणजे १९३७ साली फिट्झजेराल्ड पोटासाठी हॉलिवूडला जाण्याच्या वर्षभर आधी कोल्हापूरला खांडेकरांचे नाव पडद्यावर झळकले होते. आणि नाव! जेम्स गॅट्झ सतराव्या वर्षी एका धनिकाची नौका दिसताच आपले नाव जे गॅट्सबी असे सांगून मोकळा होतो. सांगलीचा गणेश आत्माराम खांडेकर हा मुलगाही पुढे कोकणातल्या चुलत्यांना दत्तक गेला आणि विष्णू सखाराम झाला. एकाने नाव स्वतः घेतले, दुसऱ्याला ते वडीलधाऱ्यांनी दिले. (नावाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो: आमच्या इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ साली जाहीर केला. माझ्या पिढीच्या तोंडी जुने नाव बसलेले आहे. या लेखात तेच राहू द्यावे.)

योगायोग इथे संपतात आणि दोन वाटा फुटतात. १९२० साली खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. शिरोडे हे मिठागरांचे गाव. १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला. अठरा वर्षे या माणसाने समुद्राकाठच्या गरिबांची पोरे शिकवली. त्याच काळात फिट्झजेराल्ड पॅरिसच्या हॉटेलांतून आणि रिव्हिएराच्या वाळूवरून हिंडत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन कादंबऱ्यांतला फरक निम्मा उलगडतो. एकाने भोग आतून पाहिला. दुसऱ्याने तो वर्गाच्या खिडकीतून, विचारातून आणि पुराणातून पाहिला.

‘ययाति’ १९५९ साली आली. १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ चे ज्ञानपीठ खांडेकरांना मिळाले. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. आमच्या पिढीच्या किती घरांत ही कादंबरी लग्नाच्या आहेरात आली याची गणती नाही! महाभारतातल्या आदिपर्वातली ती छोटी कथा. राजा ययाती, त्याची राणी देवयानी, राणीची दासी झालेली राजकन्या शर्मिष्ठा. शुक्राचार्यांच्या शापाने आलेले अकाली म्हातारपण. आणि शर्मिष्ठेच्या पोटचा पुरू, जो आपले तारुण्य बापाला देतो. खांडेकरांनी ती तिघांच्या तोंडून सांगवली, मध्ये कचाला विवेकाचा दीप म्हणून उभा केला, आणि ययातीला आजच्या माणसाचा प्रतिनिधी केले. अशोकवनातल्या ययातीच्या अधःपाताची पाने आजही वाचताना घसा कोरडा पडतो. खांडेकरांची उपमा कधी कधी तीन ओळी लांबते, सुभाषित झाल्याशिवाय वाक्य संपत नाही, हे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि बऱ्याच अंशी मान्यही आहेत. पण सहा वेळा जे पुस्तक वाचले ते काही उगीच नव्हे.

तरीही भाच्याचा प्रश्न उरतोच. हस्तिनापूरचा खजिना या कादंबरीत हवेसारखा आहे. तो असतो, एवढेच. अशोकवनातले मद्य, दासी, वस्त्रे, सुगंध हे सारे येते कुठून? कोण कर भरतो? कोणाच्या शेतातले धान्य जाते? खांडेकरांचा सारा रोख खर्चावर आहे. जमेची बाजू कोरी आहे. ययाती कसा उधळतो हे आपण पाहतो आणि मनातल्या मनात त्याला दोष देतो. या दोष देण्यात एक सोय आहे, आणि ती मला आता आता उमगली. आपण कोणी राजे नाही, आपल्याकडे अशोकवन नाही. तेव्हा ययातीचे पाप आपल्याला लागत नाही. पुस्तक मिटून आपण स्वच्छ अंतःकरणाने जेवायला बसतो.

‘गॅट्सबी’त ही सोय नाही. तिथे जो तो विचारतो, याचा पैसा कुठला? आणि उत्तर शोधता शोधता वाचकाच्या ध्यानी येते, की हा प्रश्न फक्त नव्या पैशाला विचारला जातो. टॉम ब्यूकॅननचा पैसा कुठून आला हे कोणी विचारत नाही. तो वडिलोपार्जित आहे, म्हणजे पुरेसा जुना आहे, म्हणजे पवित्र आहे! गॅट्सबीची मोटार, त्याचे शर्ट, त्याचा गुलाबी सूट या सगळ्याला ती माणसे हसतात. डेझीच्या आवाजात अशी काय जादू आहे हे कथा सांगणाऱ्या निकला नेमके सांगता येत नाही. ते कोडे गॅट्सबीच एका शब्दात सोडवतो, आणि तो शब्द पैसा हा आहे. ज्याला जन्मतः पैसा मिळाला त्याला तो आवाज ऐकू येत नाही. ज्याला पैसा मिळवावा लागला त्यालाच तो ऐकू येतो. अशोकवनातल्या ययातीला हे वाक्य कधी सुचले नसते.

मग ‘ययाति’त गॅट्सबी कोणीच नाही का? दुसऱ्या वाचनात मला तो सापडला, आणि सापडला तो भलत्याच ठिकाणी. देवयानी! ही आश्रमातली मुलगी. हिचे वैभव म्हणजे बापाची विद्या. कचावर हिने जीव ओवाळला, तो झिडकारून निघून गेला. मग आडात ढकलली गेलेली ही, हात देऊन वर काढणाऱ्या राजाचा तो हात सोडत नाही. त्याच्याशीच लग्न करते, राणी होते, आणि ज्या राजकन्येने आपल्याला ढकलले तिला दासी करून बरोबर नेते. सिंहासन हे तिचे खाडीपलीकडचे घर आहे. तिला ययाती हवा होता असे मला कुठेच वाटत नाही. आश्रमात झालेला अपमान पुसून टाकायचा होता. गॅट्सबीला जसे पाच वर्षे पुसायची होती, अगदी तसे. आणि ते पुसले जात नाही.

इथे दोन लेखकांतला खरा भेद दिसतो. फिट्झजेराल्डला आपला हा चढणारा माणूस लबाड आहे हे ठाऊक आहे, तरी तो त्याच्यावर जीव टाकतो. खांडेकरांना देवयानी कळली आहे, फार चांगली कळली आहे. तिचे निवेदन हा कादंबरीतला सगळ्यात धारदार भाग आहे. पण त्यांचे प्रेम शर्मिष्ठेवर आहे. जी वैभवातून खाली उतरली आणि मोठी झाली ती त्यांना पूज्य. जी खालून वर चढली आणि लहान झाली तिला त्यांची क्षमा नाही. मला वाटते, हा केवळ खांडेकरांचा दोष नव्हे. आपल्या मराठी मध्यमवर्गीय मनाचीच ही घडण आहे. त्यागाची गोष्ट आपल्याला चटकन कळते. चढण्याची गोष्ट सांगायला आपण लाजतो, आणि चढतो मात्र सगळेच.

मराठीने हा प्रश्न कधी विचारलाच नाही असेही नाही. ज्या १९५९ साली ‘ययाति’ आली त्याच साली अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ आली. अण्णा भाऊ आमच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यांचा नायक दुष्काळात आपली माणसे उपाशी मरताना पाहून धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो आणि वाटून टाकतो. एकाच वर्षी, आजच्या एकाच जिल्ह्याच्या मातीतल्या दोघा लेखकांनी खजिन्यावर लिहिले. एकाने राजवाड्याच्या आतून, दुसऱ्याने कुलपाच्या बाहेरून. ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, तिचा लेखक १९६९ साली मुंबईत हलाखीत वारला. मी शिकत असताना ही दोन पुस्तके एका दमात कोणी शिकवली नाहीत, आणि मीही माझ्या विद्यार्थ्यांना कधी तशी वाचून दाखवली नाहीत. त्याची चुटपुट मला आहे.

हे सारे मी का उगाळतो आहे? कारण मी राहतो तो मुलूख हा. माझ्या लहानपणी इस्लामपूरच्या आसपास ज्वारी होती, भुईमूग होता, पावसाची वाट होती. मग कृष्णेचे पाणी उपसा योजनांनी वर चढले, ऊस आला, राजारामबापू पाटलांच्या पुढाकाराने साखराळ्याला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, इंजिनिअरिंग कॉलेज आले. एका पिढीत कौलांची घरे स्लॅबची झाली आणि बैलगाडीच्या जागी चारचाकी उभी राहिली. ज्यांनी हे घडवले त्यांच्या कष्टांविषयी आणि सहकाराविषयी मला आदर आहे. पण नवा पैसा म्हणजे काय, तो लग्नात कसा वाजतो, जुन्या वाड्यातले लोक नव्या बंगल्याला कसे हसतात आणि मग त्याच बंगल्याच्या जेवणावळीत पहिल्या पंगतीला कसे बसतात, हे कळायला आम्हाला अमेरिकेला जावे लागत नाही. आमच्यावर लिहिलेली कादंबरी म्हणून मला आता ‘गॅट्सबी’च जवळची वाटते, ‘ययाति’ नव्हे.

‘गॅट्सबी’त धनिकांची वस्ती आणि न्यूयॉर्क शहर यांच्यामध्ये राखेचे एक खोरे लागते. ते लेखकाच्या कल्पनेतले नव्हे. शहरातल्या भट्ट्यांची राख टाकण्याची तशी जागा खरीच होती. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी ती साफ केली गेली. मेजवानीला जाणाऱ्या प्रत्येकाला या राखेतून जावे लागते, आणि मोटारीखाली जी बाई मरते ती या राखेतली. मी हे पान वाचत होतो तेव्हा दसरा होऊन गेला होता. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. गावाबाहेर पाचटाच्या खोप्या. रस्त्याने येताजाता त्या दिसतात. त्या इतकी वर्षे दिसत आहेत, की दिसत नाहीत. मी माझ्या गावाच्या श्रीमंतीविषयी कैक भाषणे ऐकली आणि दोनचार केलीही. त्यांत या खोप्या आल्याचे मला आठवत नाही. आमचाही जमेचा रकाना कोराच होता म्हणायचा.

एवढे सगळे ‘ययाति’च्या विरुद्ध बोलून झाल्यावर तिच्या बाजूचे एक फार मोठे बोलणे उरते. दोन्ही नायकांचा खरा शत्रू काळ आहे. गॅट्सबीला गेलेली पाच वर्षे परत हवीत, ययातीला गेलेले तारुण्य. गॅट्सबीला ते मिळत नाही, आणि कादंबरी संपते. अठ्ठावीस वर्षांच्या लेखकाला त्यापुढे जाता येणार नव्हते. हवे ते न मिळणे हीच त्या वयात दुःखाची सीमा असते. खांडेकरांनी ‘ययाति’ एकसष्टाव्या वर्षी पुरी केली. त्यांना त्यापलीकडचे ठाऊक होते. ययातीला हवे ते मिळते. मिळते कसे, तर मुलाच्या अंगातून काढून. मूळ कथेत ययाती ते तारुण्य हजार वर्षे भोगतो आणि मग भानावर येतो. खांडेकरांनी ती हजार वर्षे काढूनच टाकली. समोर पोटचा पोरगा एका क्षणात पिकलेला, वाकलेला पाहिल्यावर कोणत्या बापाला घास गिळेल? बापाच्या भोगाचे बिल मुलाच्या नावावर फाडले जाते, ही गोष्ट या प्रसंगाइतकी उघडी करून फिट्झजेराल्डने कुठेही दाखवलेली नाही. तेवढ्या एका प्रसंगासाठी मी सातव्यांदाही ‘ययाति’ वाचीन.

पण ‘गॅट्सबी’च्या शेवटाकडे त्याची उलटी बाजू येते, आणि ती पूर्वी माझ्या नजरेतून निसटली होती. गॅट्सबीचा खून झाल्याचे वर्तमानपत्रात वाचून त्याचा म्हातारा बाप, हेन्री गॅट्झ, दूरच्या गावाहून येतो. साधा, भेदरलेला, स्वस्तातला लांब कोट घातलेला माणूस. मुलाचे घर पाहून दुःखातही त्याची छाती फुगते. त्याच्याजवळ एक जुने पुस्तक असते. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर पोराने १९०६ साली आपली दिनचर्या लिहून ठेवलेली. पहाटे कधी उठायचे, व्यायाम किती, अभ्यास किती, पैसे किती वाचवायचे, आईबापांशी नीट वागायचे. म्हातारा ते वाचून दाखवतो आणि ऐकणाऱ्याने ते उतरून घ्यावे अशी त्याची अपेक्षा दिसते. खिशातून तो एक फोटो काढतो. मुलानेच पाठवलेला, या घराचा. कोपरे फाटलेले, पुष्कळ हातांनी मळलेला. इतक्या जणांना तो दाखवून झाला आहे, की घर प्रत्यक्ष समोर असतानाही त्याला फोटोतलेच घर अधिक खरे वाटते. हा पैसा कुठला, हा प्रश्न साऱ्या कादंबरीत एकट्या बापालाच पडत नाही.

हे वाचताना मला ती भाऊबीज पुन्हा आठवली. चकल्यांचे ताट फिरल्यावर आमचे दाजी कॉटवरून उठून माझ्याशेजारी येऊन बसले होते. त्यांनी कोपरीच्या खिशातून मोबाइल काढला, चष्मा नाकावर घेतला आणि मला फोटो दाखवायला सुरुवात केली. पुण्याचा फ्लॅट, अकरावा मजला. हा हॉल, हे स्वयंपाकघर, ही गॅलरी, इथून डोंगर दिसतो. नदीकाठचा दीड एकराचा तुकडा विकून त्याची पहिली रक्कम भरलेली होती. उरलेले कर्ज पोराच्या पगारातून वीस वर्षे फिटायचे होते. दाजी स्वतः त्या फ्लॅटवर दोनदाच जाऊन आले होते. "लिफ्टमधनं वर जाताना कान दडपतात बघा मास्तर," ते कौतुकाने म्हणाले आणि पुढचा फोटो काढला.

भाचा तेव्हा ओसरीवर नव्हता. तो उठून अंगणात गेला होता आणि तुळशीपाशी पाठमोरा उभा होता.